बायांनो, डॉक्टरच्या खोलीत सोबत जा

आमच्या यांना प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या लघवीच्या पिशवीखालच्या ग्रंथीचा, कॅन्सर निघाला हे गावात सगळ्यांना कळलेलंच आहे, म्हणून उघडच लिहिते.

कमरेखालचं दुखणं म्हटलं की आपल्याकडचा पुरुष तोंड उघडत नाही. रात्री सारखं उठणं, लघवीची धार लवकर न सुटणं, सगळं ‘वयाचं असतं’ म्हणून अंगावर काढतात. वयानं ग्रंथी वाढली तरी हाच त्रास होतो, अन् कॅन्सर सुरुवातीचा असला तर बऱ्याचदा काहीच होत नाही. मग अंदाज कशावर बांधायचा? पीएसए ही रक्ताची तपासणी आहे. ती वाढली म्हणजे कॅन्सरच, असंही नाही. खरं काय ते बायोप्सीनंतर, म्हणजे ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासल्यावर कळतं.

रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टर मला म्हणाले, "ताई, तुम्ही जरा बाहेर बसा." मी बसले नाही. यांनी मान खाली घातली, पण नको म्हणाले नाहीत.

रेडिएशन, म्हणजे किरणांचा उपचार, अन् सोबत हार्मोन बंद करणारी इंजेक्शनं, असं ठरलं. हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसतो, ते बंद केलं की दबतो. चार्ल्स हगिन्स या डॉक्टरांनी हे १९४१ साली दाखवून दिलं, १९६६ ला त्यांना नोबेल मिळालं.

पण ते हार्मोन बंद झालं की घरात काय होतं, हे बाईला कुणी सांगत नाही. ऐन थंडीत हे गोधडी फेकून उठून बसायचे. बनियन घामानं चिंब, चेहरा लाल, घाबरून विचारायचे, "मला काय होतंय गं?" माझी पाळी जाताना मला अगदी हेच व्हायचं. मी म्हटलं, "येतं तसं जातं, घाबरू नका." ओल्या पंचानं पाठ पुसली. थोड्या वेळानं म्हणाले, "तुला पण असंच होत होतं? कधी बोलली नाहीस." मी म्हटलं, "कुणी विचारलंच नव्हतं."

या इंजेक्शनांनी थकवा येतो, हाडं ठिसूळ होतात, चिडचिड होते, अन् नवरा-बायकोतली इच्छाही जाते. हे शेवटचं बाईला माहीत नसेल तर ती स्वतःलाच दोष देत बसते, अन् तो आपण पुरुषच राहिलो नाही म्हणून कुढत राहतो. दोघं एका खाटेवर पाठ करून झोपतात. मला याचाच लई राग येतो. औषधाचा परिणाम आहे, एवढं एक वाक्य दोघांसमोर बोलायला किती वेळ लागतो?

रेडिएशनला संभाजीनगरच्या सरकारी कॅन्सर हॉस्पिटलात जालना, परभणी, हिंगोलीची माणसं भेटायची. प्रोस्टेटवाल्याला पाणी पिऊन लघवी भरलेली ठेवावी लागते. नंबर लांबला की बिचारे कळ दाबून, घाम पुसत बसायचे. बाया बाटल्या धरून उभ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं काय ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा, शेत विकायची घाई करू नका. आणि मशीननं बाहेरून दिलेल्या रेडिएशननं माणूस दुसऱ्याला घातक होत नाही. नातवंडांना खुशाल मांडीवर बसवा.

ज्यांच्या घरी हे चालू आहे त्या बायांनी मला मेसेज करा. पुरुषांना बोलायचं असेल तर आमचे हे बोलतील. तसं लिही म्हणून त्यांनीच सांगितलंय.