'तिकडे बघू नकोस' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

"चार वर्षांच्या पोरांच्या डोक्यात मेंदू-बिंदू कशाला भरता? 'तिकडे बघू नकोस' म्हटलं की झालं. डॉक्टर नसताना केवढं पाल्हाळ!" टिक्स, म्हणजे मान-खांद्यासारख्या अवयवांचे आपोआप होणारे झटके, लहान मुलांना कसे समजावून सांगावेत यावरच्या माझ्या लेखावर ही तुमची प्रतिक्रिया.

पाल्हाळ मान्य. मज्जातंतूंचा परिच्छेद गाळला तरी चाललं असतं. पण 'मेंदू-बिंदू' कशासाठी? पटलं नाही, एवढं सरळ लिहिता येत नाही का? नाव न देता लिहिलं की जीभ सैल सुटते, दुसरं काय.

आता ते 'तिकडे बघू नकोस'. ते ज्याच्याकडे बोट करून म्हणतात ना, ती मी. माझी मान लहानपणापासून झटकते, खांदा उडतो. ते वाक्य मला ऐकू येतं बरं का. मूल नजर वळवतं, पण डोक्यातला प्रश्न जात नाही. ही बाई मुद्दाम करते का? मलाही होईल का?

भाच्याने जेवताना विचारलं, "मावशी, तुझी मान सारखी का उडते?" बहिणीने डोळे वटारले. मी म्हटलं, "मी न सांगताच मेंदू मानेला हुकूम सोडतो." घास गालात धरून तो म्हणाला, "उचकीसारखं?" हो, तसंच. "मला लागेल?" नाही, सर्दीसारखं ते पसरत नाही. त्याने पाणी मागितलं आणि विषय संपला. मेंदू आला, पोरगं घाबरलं नाही.

'थांबव' म्हणू नये, हेही मुलांना सांगावंच लागतं. थोडा वेळ दाबून धरता येतं, पण सगळं लक्ष त्यातच जातं. शाळेत बाई माझ्यावर ओरडायच्या, तेव्हा मान नेमकी जास्तच उडायची.

आणि टिक्स बहुधा पाच ते सात या वयातच सुरू होतात, मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त. म्हणजे ज्याला तुम्ही 'बघू नकोस' म्हणून गप्प करताय, उद्या त्याचेच डोळे मिचकायला लागले तर तो कुणाला सांगणार? तुम्हाला?

डॉक्टर नाही, खरंय. झटक्यात शुद्ध हरपत असेल तर ते प्रकरण वेगळं, तडक डॉक्टरांकडे जा, हे लेखात लिहिलंय. वाचलं असतंत तर दिसलं असतं. १८८५ मध्ये फ्रेंच डॉक्टर जिल द ला तुरेत यांनी टिक्सच्या या विकाराचं (तुरेत सिंड्रोमचं) वर्णन केलं, तरी मला अजून "ही सवय सोड" असं सांगणारे भेटतातच.

बाकीच्या शेऱ्यांना उत्तर देत बसत नाही.