अलार्म वाजला म्हणजे गोळी पोटात गेली असं नाही

औषधं वेळेवर घेण्यावरच्या एका लेखात म्हटलंय की गोळ्या ठेवायची सेन्सरवाली स्मार्ट डबी आणि मोबाईलचा अलार्म यांनी औषधं चुकणं थांबेल. विसरणाऱ्यांसाठी खरंच कामाची वस्तू आहे, पण डबीचा सेन्सर झाकण उघडलं एवढंच नोंदवतो हो, गोळी गिळली की नाही ते त्याला कुठून कळणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात विकसित देशांतही दीर्घ आजाराचे सरासरी ५० टक्केच पेशंट औषधं नीट घेतात असं होतं, आणि उरलेले सगळे काही विसरभोळे नसतात. बीपीचा त्रास जाणवत नाही, उलट काही गोळ्यांनी पाय सुजतात, मग माणूस आपणहून बंद करतो. माझे वडील अलार्म बंद करून गोळी उशीखाली ठेवायचे, डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी गोळीच बदलून दिली. अशा डबीवर ‘आज का नाही घेतली’ विचारणारं एक बटण तरी द्या, आणि ते उत्तर डॉक्टरांपर्यंत पोचवा.