निर्भीड दिवाळी अंक कसा काढावा

दिवाळी अंक काढायचं मनात आहे? तोही ‘निर्भीड उपरोध विशेषांक’? छान. नाशिकला अशा अंकाची फारच गरज आहे. रस्ते खोदून ठेवलेत, सिंहस्थाच्या कामांची धूळ उडतेय, चौकाचौकात वाढदिवसांचे फ्लेक्स लागलेत. कच्चा माल दारात येऊन पडलाय म्हणा ना. फक्त तो वापरायचा नाही, एवढं एक पथ्य पाळा, अंक निर्भीड म्हणून गाजलाच समजा. कसं काढायचं ते सांगतो. या विषयातलं माझं शिक्षण अगदी ताजं आहे, गेल्या दिवाळीतलंच.

सुरुवात मुखपृष्ठापासून. ‘निर्भीड’ हा शब्द मोठा हवा, लाल हवा. आत पहिल्या पानावर तुकोबांची ओळ टाका, ‘नाठाळाचे माथीं हाणूं काठी’, आणि तिच्या समोरच्या पानावर नाठाळाची रंगीत जाहिरात घ्या. हात जोडलेला फोटो, मागे गोदाघाट, खाली शुभेच्छुकांची रांग. अंक उघडला की दोन्ही पानं एकदमच दिसतात, पण त्याची काळजी नको. तुकोबा काही जाहिरात मागे घेणार नाहीत.

लेखक जरा तिखट म्हणून माहीत असलेला निवडा. त्याला स्वतः फोन करा. “सर, यंदा एकदम बोचरं पाहिजे. कोणाला सोडू नका. मी आहे ना तुमच्या पाठीशी.” हे शेवटचं वाक्य विसरू नका. पाठीशी असलेला माणूस आपल्याला दिसत नसतो, त्यामुळे तो केव्हा उठून गेला तेही कळत नाही.

मानधनाचा विषय काढू नका.

लेख आला की ‘भन्नाट!’ असा निरोप धाडा, वर अंगठा. वाचायची घाई नको. वाचायचा तो जाहिराती पक्क्या झाल्यावर. विनोद कोणाला लागणार हे लेख वाचून थोडंच कळतं? ते जाहिरातींची यादी हातात आली की कळतं. मग फोन करा. मला आला तो असा:

“सर, ते फ्लेक्सवालं जरा सौम्य करू या का? भाऊंना वाईट वाटेल.”

“कोणत्या भाऊंना? मी नाव कुठे घेतलंय?”

“तेच तर ना सर. सगळ्याच भाऊंना वाटेल.”

इथपर्यंत मी हसत होतो. यापुढे भावनांचं प्रकरण सुरू झालं. ते तुम्ही नीट समजून घ्या, कारण निर्भीड अंकाचा सगळा डोलारा त्याच्यावरच उभा असतो.

माझ्या लेखात रामकुंडाचा एक परिच्छेद होता. बाहेरगावचा एक भाविक येतो, श्रद्धेने बाटलीत तीर्थ भरून घेतो, घरी जाऊन देवापुढे बाटलीचं झाकण काढतो आणि घरातले सगळे उठून खिडक्या उघडायला धावतात. बस, इतकंच. संपादक म्हणाले, “हे काढायलाच लागेल सर. गोदामाईबद्दल आहे. भावना दुखावतील.” मी म्हटलं, अहो, गोदामाईबद्दल नाहीये, तिच्यात सोडलेल्या सांडपाण्याबद्दल आहे. “तेच ते. तीर्थाला सांडपाणी म्हटलं की लोक दुखावतात.” बरं, आणि तीर्थात सांडपाणी सोडलं की? त्यावर ते म्हणाले, “तो प्रशासनाचा विषय आहे.”

घ्या लिहून. नाला नदीला मिळतो, कोणी दुखावत नाही. पानवेलींनी पात्र हिरवंगार होतं, कोणी दुखावत नाही. गोदावरीच्या प्रदूषणाचं प्रकरण उच्च न्यायालयात जातं, आदेशांवर आदेश निघतात, तरीही सगळे कसे ठणठणीत. दुखावतात ते छापून आल्यावर. नदीकाठी या भावना कधी दिसल्याच नाहीत मला. त्या राहतात छापखान्याच्या दारात, पानं लागायची वाट बघत. आणि त्या भाविकांच्या तरी असतात का हो? भाविक बिचारा माझ्याच बाजूचा होता, वास त्याच्याच घरात सुटला होता! दुखणार होतं ते मलपृष्ठाला. मलपृष्ठावर ज्यांची जाहिरात होती त्यांची कामं कुठे चालू आहेत, हे पंचवटीतलं शेंबडं पोरही सांगेल. त्यांच्या चेकला भावना म्हणायचं आणि वर गोदामाईचं नाव पुढे करायचं! त्यापेक्षा सरळ सांगितलं असतं ना, की पान विकलंय.

याच शहरात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला, तेव्हाही भावना दुखावल्या होत्याच. माणसांना देवळात जाऊन रामाचं दर्शन घ्यायचं होतं, एवढ्यानेच दुखावल्या. रामनवमीच्या रथाच्या दिवशी दगड पडले. पुढे काही वर्षं तो लढा चालला. भावनांच्या हिशेबाने वागायचं तर बाबासाहेब आंबेडकरांनी आणि दादासाहेब गायकवाडांनी ३ मार्चलाच दिलगिरी छापून मोकळं व्हायला हवं होतं, नाही का?

असो. पुढची सूचना. आवाज वाढायला लागला की थोडं पाणी प्यावं. ही मला स्वतःला आहे.

कायद्याचा धाक जरूर घाला. “आमचे एक वकील मित्र म्हणाले, कलम लागेल.” कोणतं ते सांगू नका. सांगायला गेलात तर वाचावं लागेल, आणि वाचलंत तर भीती कमी होण्याचा धोका आहे. धार्मिक भावनांचं २९५-अ हे कलम इंग्रजांनी १९२७ साली दंडसंहितेत घातलं. आता न्याय संहितेत ते २९९ क्रमांकाने आलंय. त्यात अपमान लागतो तो धर्माचा किंवा धार्मिक श्रद्धेचा, आणि तोही जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केलेला. ठेकेदाराचा त्यात उल्लेख नाही. खड्डा हे अजून तरी श्रद्धास्थान म्हणून जाहीर झालेलं नाही, गंगापूर रोडवरच्या काहींची लायकी असली तरी. कोणी फारच खोलात शिरलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दलचं ६६-अ सांगा. सर्वोच्च न्यायालयाने ते मार्च २०१५ मध्येच रद्दबातल ठरवलंय, पण धाक घालायला कलम जिवंत असावं लागतं असं कुठे आहे?

अंकात एक तरी लेख पॅरिसवर हवा. धाडस आणि अंतर यांचं जवळचं नातं आहे. ७ जानेवारी २०१५ ला तिथल्या ‘शार्ली हेब्दो’ या व्यंग-साप्ताहिकाच्या कार्यालयावर हल्ला करून दहशतवाद्यांनी १२ जणांना ठार केलं. उरलेल्यांनी पुढच्याच आठवड्यात अंक काढला, आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. तेव्हा आपल्याकडे काय सुंदर सुंदर लिहून आलं होतं! लेखणी, तलवार, व्हॉल्तेअर, सगळं काही. त्याच महिन्यात मुंबईत ‘अवधनामा’ या उर्दू दैनिकाच्या संपादक शिरीन दळवी यांनी त्या साप्ताहिकाचं प्रेषितांचं व्यंगचित्र असलेलं मुखपृष्ठ बातमीसोबत छापलं. गुन्हे दाखल झाले, अटक झाली, माफी मागूनही सुटका नाही, आवृत्ती बंद पडली, नोकरी गेली. त्यांच्यासाठी किती जणांच्या लेखण्यांच्या तलवारी झाल्या? मुंबई जवळ पडते ना. कसारा घाट उतरला की आलीच. पॅरिसला विमान लागतं, म्हणून तिथल्यांच्या पाठीशी उभं राहायला सोपं जातं.

संमेलनाला जाताना गडद शर्ट घाला. ५ डिसेंबर २०२१ ला आपल्याच नाशिकच्या साहित्य संमेलनात पत्रकार-लेखक गिरीश कुबेर यांच्यावर शाई फेकली गेली, तीही कुसुमाग्रजांचं नाव दिलेल्या नगरीत.

संतांचा उल्लेख ठिकठिकाणी करा, मजकूर मात्र घेऊ नका. नाथांचं भारूड आज कोणी टपालाने पाठवलं तर काय होईल, कल्पना करा. ‘सासरा माझा गावी गेला, तिकडेच खपवी त्याला.’ ज्येष्ठ नागरिक संघाच्या भावना! पुढे सासू आहे, जाऊ आहे, नणंदेचं पोर आहे, म्हणजे प्रत्येक कडव्याला एक दिलगिरी. आणि ही सगळी मागणी भवानी आईकडे, रोडग्याच्या बदल्यात. म्हणजे धार्मिक भावना वेगळ्याच. चारशे वर्षं महाराष्ट्र हे ऐकून खो खो हसतोय आणि नवससायासांचं काय ते मनाशी समजून घेतोय. यांच्या हातात दिलं असतं तर यांनी त्यातून सासरा काढला असता, रोडगा ठेवला असता आणि त्यावर एखाद्या आट्याची जाहिरात मिळवली असती.

६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार, २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या. हार घातला की वाचायची जबाबदारी संपते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लेखाचा शेवट बदला आणि लेखकाला ते अंक हातात पडल्यावर कळू द्या. आधी कळलं तर तो लेख मागे घेतो, मग त्याचं नाव मुखपृष्ठावर लावता येत नाही. माझा शेवट काय होता ते सांगत नाही, पण छापून आला तो असा: ‘काही असो, आपलं नाशिक झपाट्याने बदलतंय आणि त्याचा प्रत्येक नाशिककराला सार्थ अभिमान आहे!’ उद्गारचिन्हासकट. माझ्या नावाखाली! शेजारच्या काकूंनी अंक वाचून सांगितलं, “भाऊजी, तुम्ही किती छान सकारात्मक लिहिता हो आता.” 

नाही, आता सूचनाबिचना पुरे.

मराठीतला पहिला दिवाळी अंक ‘मनोरंजन’ने १९०९ साली काढला. त्याच वर्षी नाशिकच्या बाबाराव सावरकरांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि ती कविता छापून प्रसिद्ध केल्याबद्दल. त्यांचं राजकारण तुम्हाला पटो न पटो, मला त्याच्याशी कर्तव्य नाही. या गावात छापलेल्या ओळींसाठी माणूस अंदमानला गेलाय, एवढंच सांगतोय. संपादकसाहेब, तुम्हाला कोण पाठवत होतं अंदमानला? फार तर एक मलपृष्ठ कोरं गेलं असतं. भाऊंनी फोन उचलला नसता. पुढच्या वाढदिवसाला स्टेजवर खुर्ची मिळाली नसती.

भीती वाटते? वाटू दे ना. शिरीन दळवींचं जे झालं ते पाहून कोणालाही वाटेल, मलाही वाटते. मग तसं म्हणायचं: मला भीती वाटते, मी हे छापत नाही. मी लेख उचलून घरी आलो असतो, आपली मैत्री टिकली असती, दुसरं कोणी तरी छापायला मिळालं असतं. पण तुम्हाला घाबरायचंही आहे आणि शूरही दिसायचंय. घाबरण्याचे पैसे जाहिरातदाराकडून घ्यायचे, शौर्याची टाळी वाचकाकडून, आणि मध्ये लेखकाच्या नावाने कोणाची तरी आरती ओवाळायची. ही लबाडी आहे. तिला संयम म्हणू नका, अभिरुची तर अजिबात म्हणू नका. सेन्सॉरने ‘सखाराम बाइंडर’ नाटक अडवलं तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग निदान कोर्टात तरी जाऊ शकले, समोर एक मंडळ होतं, त्याचे कागद होते. तुमच्या कात्रीविरुद्ध मी कुठे जाऊ? तुम्ही तर म्हणता की काही कापलंच नाही, ‘थोडं संपादन केलं’.

आणि वाचकहो, तुम्ही हसू नका. तुम्हीही तेवढेच आहात. अंक आल्यापासून एकेकाचे फोन येताहेत. “ओळखलं बरं का, हा शेवट तुमचा नव्हे. मूळ लेख पाठवा ना. फक्त माझं नाव कुठे येऊ देऊ नका, आमच्या सोसायटीत भाऊंचे लोक आहेत.” खासगीत चेकाळून हसायचं, चारचौघांत गप्प बसायचं, एखाद्यावर शाई पडली की ‘त्यानेही जरा जपून लिहायला हवं होतं’ म्हणायचं. संपादक कोणाला घाबरतो असं तुम्हाला वाटतं? जाहिरातदाराला घाबरतोच, पण त्याला हेही पक्कं ठाऊक असतं की उद्या कोणी काच फोडली तर तुमच्यातला एकही जण दारात येऊन उभा राहणार नाही.

मूळ लेख मागणाऱ्या सगळ्यांना मी एकच सांगतो. पाठवतो, आनंदाने पाठवतो, पण तुम्ही छापायचा. चार पानांची पुस्तिका करा, कॉलेज रोडला कुठेही होईल. लेखक म्हणून माझं नाव, आणि खाली मुद्रक आणि प्रकाशक म्हणून तुमचं, पूर्ण पत्त्यासह.

“बघतो, कळवतो,” म्हणतात. अजून कोणी कळवलेलं नाही.