विधानसभेला उभे राहताय? जाहिरात देऊ नका, बातमी घ्या

तिकीट मिळालं? अभिनंदन. आता पेपरांचा पाठिंबा मिळवायचा. घाबरू नका, त्यासाठी कुणाला काही पटवून द्यावं लागत नाही.

अमेरिकेत हा प्रकार फार कटकटीचा असतो. तिथे गव्हर्नर व्हायला निघालेल्या माणसाला दैनिकाचं संपादक मंडळ समोर बसवतं, आडवे-तिडवे प्रश्न विचारतं आणि मग अग्रलेखात नाव घेऊन लिहितं की आमचा पाठिंबा यांना, आणि कारणं ही. पुढे तो माणूस भानगडीत सापडला की वाचक तोच अग्रलेख तोंडावर फेकतात. आपले पेपर त्या मानाने शहाणे. आपल्याकडे अग्रलेखात मतदारराजा सुज्ञ असतो, लोकशाहीचा उत्सव असतो आणि 'घोडामैदान जवळच आहे' असतं. पाठिंबा आतल्या पानावर असतो, बातमीच्या वेशात, कुणाच्याही सहीशिवाय. पैसे आगाऊ.

तर पहिला सल्ला: जाहिरात देऊ नका. जाहिरात म्हणजे रिलीज ऑर्डर आली, बिल आलं, त्यावर 5 टक्के जीएसटी आला. पूर्ण पान साधारण 33 बाय 52 सेंटिमीटरचं, म्हणजे सतराशेहून जास्त चौरस सेंटिमीटर, आणि दर चौरस सेंटिमीटरला. विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा 2022 पासून 40 लाख आहे. त्यात मांडव, गाड्या, स्पीकर, कार्यकर्त्यांचं जेवण, सगळं आलं. खर्चाची नोंदवही रोज लिहायची, प्रचाराच्या काळात ती तीनदा तपासून घ्यायची, निकालानंतर 30 दिवसांत अंतिम हिशेब द्यायचा. एवढं करून लोक जाहिरातीचं पान उलटून पुढे जातात. बातमीला बिल नाही, कर नाही, नोंदवहीत ओळ नाही आणि वर वाचक ती खरी समजून वाचतो.

पक्षाच्या पानभर जाहिरातीत स्वतःचं नाव किंवा फोटो घुसवू नका. नाव आलं की खर्चाचा वाटा तुमच्या खात्यात, नाही आलं तर पक्षाचा, आणि पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही.

बातम्यांचं पॅकेज घेताना सगळं आधी ठरवून घ्या. कोणत्या आवृत्तीत, कोणत्या पानावर, किती कॉलम, रंगीत की कृष्णधवल, फोटो किती. पदयात्रेच्या बातम्या किती, सभेच्या किती, मुलाखत एक की दोन. 'मतदारसंघाचा कौल' नावाचा एक लेख हवाच. विरोधकाची बदनामी हवी असेल तर ती वेगळी मोजावी लागते. त्याहून चांगली आणि स्वच्छ गोष्ट म्हणजे मौन: विरोधकाची सभा कितीही मोठी झाली तरी पेपरात ती झालेलीच नसते. ज्याने पॅकेज घेतलं नाही तो अपक्ष शिक्षक किंवा चळवळीतला कार्यकर्ता महिनाभर गावोगाव फिरतो, आणि पेपरात त्याचं नाव येतं ते उमेदवारांच्या यादीत, शेवटून तिसरं.

शेवटच्या दोन दिवसांच्या बातम्या आधीच राखून ठेवा. मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी छापायची राजकीय जाहिरात आधी सरकारी माध्यम समितीकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. 2024 ला त्या तारखा 19 आणि 20 नोव्हेंबर होत्या. बातमीला मात्र प्रमाणपत्र लागत नाही. जाहीर प्रचार 48 तास आधी थंडावतो, भोंगे उतरतात, आणि सकाळी दारात पडलेल्या पेपरात तुमचं पारडं जड झालेलं असतं.

आता मजकुराबद्दल. मजकूर तुमच्याच माध्यम कक्षाने लिहायचा आणि सगळ्या पेपरांना एकदम पाठवायचा. शब्द ठरलेले आहेत, नवे शोधू नका. प्रतिसाद 'उत्स्फूर्त' असतो. महिलांची उपस्थिती 'लक्षणीय' असते. ज्येष्ठ आशीर्वाद देतात, सुवासिनी औक्षण करतात, तरुणाई पाठीशी 'खंबीरपणे' उभी राहते. विद्यमान आमदार 'कार्यसम्राट', नवा असेल तर 'तरुण, तडफदार'. पाच वर्षं पाण्याचा टँकर न दिसलेल्या गावात 'विकासाची गंगा' आलेली असते. विजय म्हणजे 'केवळ औपचारिकता'. सगळे समाज, सगळ्या संघटना, झाडून सगळी मंडळं तुमच्याच बाजूने. मग विरोधकाला मतं कोण देतं, हा प्रश्न संपादकाला पडत नाही, कारण संपादकाने ते पान पाहिलेलंच नसतं. ते जाहिरात विभागातून लागून आलेलं असतं.

एक धोका मात्र आहे. फाइल श्रीलिपी या जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये उलटवताना रफार सरकतो. गेल्या विधानसभेला आमच्या दारात पडलेल्या तीन पेपरांत, एकाच दिवशी, एकाच फोटोखाली 'कायर्सम्राट' छापून आलं होतं. तिन्हीकडे तेच, तिन्हीकडे 'विशेष प्रतिनिधी'. तीन स्पर्धक पेपर! एरवी एकमेकांची बातमी पहिली कुणी दिली यावर चौकटी छापतात. एकालाही तो शब्द वाचावासा वाटला नाही? मुद्रितशोधकांची टेबलं कधीच उठली, ते समजू शकतं. पण पान छपाईला सोडणारा कुणीतरी असेल ना? की त्यालाही सांगितलेलं असतं की हे पान वाचायचं नाही, नुसतं सोडायचं? आणि एका पेपराने तर कमाल केली. वर चार कॉलमात एकाचा विजय निश्चित, खाली तीन कॉलमात त्याच मतदारसंघातल्या दुसऱ्याचा विजय निश्चित. मध्ये रेघसुद्धा नाही. निवडणूक आयोगाच्या सूचनांमध्ये पेड न्यूजची, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांची, उदाहरणं म्हणून नेमक्या याच गोष्टी लिहून ठेवल्या आहेत: स्पर्धक पेपरांत एकाच वेळी तोच मजकूर, एकाच पानावर दोघांच्याही विजयाची खात्री, समाजाचा झाडून सगळा पाठिंबा एकाच उमेदवाराला. म्हणजे ओळखायचं कसं हे छापील आहे. तरी सगळे तसंच करतात, कारण लपवायची गरजच उरलेली नाही. आणि याचा दोष तालुक्याच्या वार्ताहरावर ढकलू नका. त्याला पगार नाही, मिळतं ते जाहिरातीचं कमिशन. आमदाराच्या वाढदिवसाच्या पुरवणीला जाहिराती गोळा करत फिरणारा तोच, निवडणुकीत उमेदवाराच्या दारात 'टार्गेट' घेऊन उभा राहणारा तोच. सकाळी ज्याच्याकडून पैसे आणले त्याच्याविरुद्ध संध्याकाळी बातमी लिही म्हणून कोण सांगणार? ही व्यवस्था त्याने केलेली नाही. ती मालकाने केली आहे, आणि मालक दरवर्षी पत्रकार दिनाला बाळशास्त्री जांभेकरांच्या फोटोला हार घालतो.

असो. सल्ल्याकडे वळू.

सापडलो तर काय, ही धाकधूक सोडा. जिल्ह्यात माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती असते. तिला संशय आला की 96 तासांच्या आत निवडणूक निर्णय अधिकारी तुम्हाला नोटीस काढतो. 48 तासांत उत्तर द्यायचं. हे मात्र चुकवू नका, उत्तर नाही दिलं तर समितीचं म्हणणं अंतिम. उत्तर सोपं आहे: 'वृत्तपत्रं स्वतंत्र आहेत, त्यांनी स्वतःहून छापलं.' पेपर म्हणेल, 'बातमीमूल्य होतं.' पैसे दिले-घेतले हे फक्त दोघांना ठाऊक आणि दोघांनाही बोलायचं नाही. समिती ऐकली नाही तर राज्य समितीकडे अपील, तिथून आयोगाकडे. तेवढ्यात मतदान उरकतं. आणि सगळं हरलात तर? त्या बातमीचा खर्च सरकारी जाहिरातदराने मोजून तुमच्या हिशेबात धरतात. सरकारी दर बाजारभावाहून कमी. पकडलं जाणं हीसुद्धा सवलतच.

पूर्वीची प्रकरणं पाहून धीर घ्या. 2009 ला भोकरमधून लढलेले तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांनी पेपरातल्या जाहिरातींवरचा खर्च 5,379 रुपये दाखवला होता, आणि त्या दिवसांत त्यांच्या कारभाराचे गोडवे गाणारी पानंच्या पानं छापून आली होती. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते चव्हाट्यावर आणलं. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की हिशेब खरा की खोटा हे आयोग तपासू शकतो. जुलैत आयोगाने चव्हाणांच्या विरोधात निर्णय दिला. सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. तोवर त्या विधानसभेची मुदतच संपत आली होती. मध्य प्रदेशात दतियाचे आमदार नरोत्तम मिश्र यांना 2008 च्या निवडणुकीबद्दल 2017 मध्ये अपात्र ठरवलं, 2018 मध्ये तेही न्यायालयात टिकलं नाही. झळ लागली ती उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या उमलेश यादव यांना. 2007 च्या निवडणुकीतला बातम्यांवरचा 21,250 रुपयांचा खर्च लपवल्याबद्दल 2011 मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र. एकवीस हजार! म्हणून म्हणतो, छोटी रक्कम देऊ नका.

पेपरांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलने पेड न्यूजवर पेपरांच्या नावांसकट 71 पानांचा अहवाल तयार करून घेतला होता. 2010 मध्ये कौन्सिलने तो बाजूला ठेवून मोजक्या पानांची सभ्यता स्वीकारली. मूळ अहवाल माहिती आयोगाने सांगितल्यावर 2011 मध्ये बाहेर आला. विधी आयोगाने 2015 मध्ये सांगितलं की पेड न्यूज हा निवडणूक गुन्हा करा. केला नाही. कोण करणार? विधेयकावर हात वर करायचे ते तुमच्यासारख्यांनीच.

हँडबिल छापाल तर मात्र जपून. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127 अ प्रमाणे त्यावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा, प्रकाशकाचं घोषणापत्र हवं, त्यावर ओळखीच्या दोघांच्या सह्या हव्यात. नाहीतर सहा महिने कैद किंवा दोन हजार दंड. दोन रुपयांच्या कागदाला एवढी जबाबदारी. लाखो घरांत जाणाऱ्या पानाला काहीही नाही, एक 'विशेष प्रतिनिधी' पुरतो. कुठला प्रतिनिधी? कुणाचा?

हे लिहितानाही आता हसू येत नाही. मालकहो, तुम्हाला एखादा उमेदवार आवडत असेल तर खुशाल सांगा. अग्रलेखात, नाव घेऊन, कारणं देऊन, खाली सही करून सांगा. पैसे घ्यायचे असतील तर तेही घ्या, पण वर 'जाहिरात' हा शब्द मथळ्याच्या टायपात छापा, कोपऱ्यातल्या मुंगीच्या टायपात नको. दोन्ही करायचं नसेल तर स्वतःला वृत्तपत्र म्हणवू नका, छापखाना म्हणा.

आणि वाचकहो, तुम्हीही हात वर करू नका. ऑक्टोबर 2024 मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने अध्यक्षपदासाठी कुणालाच पाठिंबा देणार नाही असं जाहीर केलं, तर थोड्याच दिवसांत अडीच लाख वर्गणीदारांनी पेपर बंद केला. पेपर बोलला नाही म्हणून! तुमच्याकडे पेपर पैसे घेऊन खोटं बोलतो हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, नाक्यावर 'याने किती दिले असतील' याचे अंदाज बांधता, आणि दुसऱ्या दिवशी तोच पेपर घेता, कारण रद्दीला भाव बरा आहे. भोकर असो, दतिया असो की बिसौली, आयोगाचं दार ठोठावलं ते हरलेल्या उमेदवारांनी आणि विरोधी पक्षांनी. त्यांना जागा हवी होती. फसवलं तर तुम्हाला गेलं होतं. तुम्ही कुठे होता? तक्रारीला लागतं काय? पूर्ण पान, नुसतं कात्रण नव्हे. त्यावर तारीख आणि आवृत्ती दिसली पाहिजे. शेजारी दुसऱ्या पेपरातला तोच मजकूर. आणि जिल्हाधिकारी कार्यालयातल्या समितीच्या नावे एक अर्ज. बातमी छापून आल्यावर लगेच द्या, निकालानंतर नको. पोच घ्या.