"फसवताय" म्हणण्याआधी वाक्य तरी पूर्ण वाचा

महोदय,

जुनी लिव्हर-ॲक्शन रायफल (चापाखालची लिव्हर खाली-वर करून काडतूस भरायची ती) घेण्याआधी काय तपासावं, या माझ्या लेखावर आपण लिहिलंत: "विंचेस्टर ९४ उघडली की सैलच असते. खुळखुळते म्हणजे झिजली, असं सांगून तुम्ही नवख्यांना फसवताय. .३०-३० चं सालही चुकलंय. हेडस्पेसचा तर पत्ताच नाही. यूट्यूब बघून लेख पाडणं सोपं असतं."

सालाचं आधी. विंचेस्टर ९४, म्हणजे १८९४ ची रायफल, सुरुवातीला .३२-४० आणि .३८-५५ या काडतुसांसाठी निघाली, .३०-३० आलं १८९५ मध्ये. माझं एक वर्ष चुकलं. दुरुस्त केलंय, आभार.

पण "फसवताय"? "इथे चूक वाटते" एवढं लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? पिंपरीत १९ वर्षं टूलरूममध्ये काढली आहेत मी. दोन भागांत किती फट चालते आणि किती नाही, यावरच पोट भरलं. इथे पेनसिल्व्हेनियात आल्यापासून ११ वर्षं हरणांच्या मोसमात हीच रायफल खांद्यावर असते. मला फसवून काय मिळणार आहे?

आता ते वाक्य. "लिव्हर बंद केल्यावरही खुळखुळली तर" असं मी लिहिलंय. "बंद केल्यावरही" हे दोन शब्द तुम्ही सरळ गाळलेत. उघडी ९४ सैल असते हे मला शिकवू नका. लिव्हर खाली ओढली की लिंक, म्हणजे लिव्हर जिला जोडलेली असते तो तुकडा, पोटातून बाहेर लोंबते, नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट मागे येतो, सगळं हलतं. ही रायफल घडवणाऱ्या जॉन ब्राउनिंगने रचनाच तशी केली आहे. बंद होताना मात्र लॉकिंग बोल्ट उभा वर सरकून बोल्टच्या पाठीशी घट्ट बसतो. त्यानंतरही जे हलतं, त्याबद्दल मी बोलत होतो.

एका गन शोमध्ये विक्रेत्याने मला एक ९४ "एकदम टाइट" म्हणून दाखवली. रिकामी करून पाहिली, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत, बोट घालून खात्री केली, लिव्हर मिटली आणि हात सोडला. लिव्हर आपल्याच वजनाने खाली आली. टँग (मुठीतून मागे जाणारी धातूची पट्टी) आणि लिव्हरमध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढी फट. घोडा चढवलेला होता, चाप ओढला तर पडेना, कारण चाप अडवणारी पिन लिव्हरने पुरती दाबलीच नव्हती. लिव्हर मुठीत आवळली तेव्हा पडला. लिव्हरला धरून ठेवणारा स्प्रिंगवरचा खुंट झिजला होता. शिवाय स्क्रूंच्या खाचा पार कुरतडलेल्या, म्हणजे कुणीतरी भलत्या मापाच्या स्क्रूड्रायव्हरने ती आधी उघडलेली. नवख्या माणसाने ती पूर्ण किमतीला घेतली असती. त्याच्यासाठी लिहिलं होतं ते वाक्य.

हेडस्पेस, म्हणजे चेंबरमध्ये काडतूस टेकतं तिथपासून बंद बोल्टच्या तोंडापर्यंतचं अंतर, मोजायला गेज लागतं, ते काम गनस्मिथचं. माझा लेख विक्रेत्याच्या टेबलासमोर उभ्या असलेल्या माणसासाठी होता. यूट्यूबच्या शेऱ्याला मी उत्तर देणार नाही.

तुमच्याकडे ९४ असेल तर नळी सुरक्षित दिशेला धरा, मॅगझिन आणि चेंबर दोन्ही रिकामे करा, नजरेने आणि बोटाने तपासा. मग लिव्हर मिटून हात सोडा. काय दिसलं ते इथेच लिहा. फक्त त्याआधी "फसवताय" हा शब्द मागे घ्या.