'20 लिटरला 25 लिटर पाणी' हा हिशेब चुकीचा आहे

बेळगाव-खानापूरकडच्या बीअर करू पाहणाऱ्या पोरांच्या मोबाइलवर सध्या एक मेसेज फिरतोय: "20 लिटर बीअर हवी तर 25 लिटर पाणी घ्या. अर्धं मॅशला, अर्धं स्पार्जला. स्पार्जचं पाणी खळखळतं ओता, साखर जास्त सुटते. कमी पडलं तर शेवटी वरून पाणी घाला." मॅश म्हणजे माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, गरम पाण्यात भिजवून ठेवणं; स्पार्ज म्हणजे नंतर तो चोथा गरम पाण्याने धुणं.

कर्नाटकात परवान्याशिवाय बीअर काढणं कायद्यात बसत नाही. मी परवाना असलेल्या जागी चाचणीच्या छोट्या बॅच लावतो आणि हा मेसेज वाचून वाया गेलेलं माल्ट बघितलंय, म्हणून लिहितोय.

आधी तो 25 चा आकडा. 5 किलो माल्ट धरा. माल्ट किलोमागे साधारण 1 लिटर पाणी पिऊन बसतं आणि ते परत देत नाही. 5 लिटर गेलं. चोथा गाळायच्या जाळीखाली अर्धा लिटर अडकतं. आमच्या रुंद भांड्यातून तासाभराच्या उकळीत 4 लिटर वाफ होते. तळाशी हॉप्स (कडवटपणासाठी घालायची फुलं) आणि गाळात दीड लिटर राहतं. एकूण 11. म्हणजे 25 लिटर पाण्यातून हातात येतं 14 लिटर.

हिशेब उलटा करायचा, शेवटाकडून सुरुवातीकडे: 20, त्यात गाळाचं दीड, वाफेचं 4, जाळीखालचं अर्धा, माल्टचं 5. झालं 31. हे माप थंड पाण्याचं आहे. गरम द्रव फुगलेला असतो, त्यामुळे उकळी संपताना पट्टीवर 22.4 दिसेल आणि निवल्यावर साडेएकवीस. तो फरक बघून घाबरून जाऊ नका.

यात टक्केवारी (20 ला 5, म्हणजे पाव भाग जादा) चालत नाही, हे आपल्याकडच्या माणसाला तरी समजायला हवं. गुऱ्हाळातली काहील रुंद आणि उथळ का असते? तोंड मोठं तेवढा रस लवकर आटतो. त्याच भांड्यात, त्याच जाळावर 10 लिटरची बॅच लावलीत तरी तासाला 4 लिटरच उडणार. मेसेजच्या हिशेबाने तुम्ही जादा घेतलेलं असेल फक्त अडीच.

अर्धं-अर्धं करण्याबद्दल फार भांडणार नाही. 5 किलोला साडेबारा लिटर म्हणजे किलोला अडीच लिटर, ते चालतं. पण कडक बीअरसाठी साडेसहा किलो माल्ट घेतलं की तेच साडेबारा लिटर किलोला दोनसुद्धा पडत नाही. झुणक्यासारखा घट्ट गोळा होतो, ढवळताना पळी अडते. मॅशचं पाणी माल्टच्या वजनावर ठरवा, किलोला 3 लिटर. वरच्या उदाहरणात 15 मॅशला, उरलेलं 16 स्पार्जला. माल्ट 25 अंशांवर असेल आणि मॅश 66 वर हवा असेल, तर हे 15 लिटर 72 अंशांच्या आसपास तापवून घ्यायचं.

खळखळत्या पाण्याचा सल्ला सगळ्यात घातक. साखर मॅशमध्येच तयार झालेली असते. स्पार्ज म्हणजे तांदूळ धुतल्यासारखं धुवण, त्यात फक्त चिकटलेली साखर निघते. त्याला 75-76 अंश पुरतात. त्याहून फार गरम पाणी सालातला तुरटपणा ओढतं आणि न बदललेलं पीठही सोडवतं. बीअर गढूळ राहते आणि प्यायल्यावर जीभ ओढल्यासारखी होते, कच्ची सुपारी चघळावी तशी. पाणी अल्कली असेल तर तुरटपणा आणखी वाढतो. घरी बोअरचं पाणी तापवताना भांड्याला पांढरा थर धरत असेल तर ते पाणी असंच समजा. लॅक्टिक ॲसिडने स्पार्जच्या पाण्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तेवढं पाणी आंबट) 6 च्या खाली आणा. धुवणाची घनता (त्यात साखर किती ते सांगणारं माप, नुसत्या पाण्याची 1.000) 1.010 च्या खाली गेली की थांबा.

थर्मामीटरही तपासून घ्या. बेळगाव साधारण 750 मीटर उंचीवर आहे, इथे पाणी 97.5 च्या आसपास उकळतं. उकळत्या पाण्यात काटा बरोबर 100 वर असेल तर तोच चुकतोय.

शेवटी वरून पाणी घालण्याचं. 14 लिटरमध्ये 6 लिटर घातलंत तर 20 भरतील, पण 6 लिटर कमी पाण्याने धुतल्यामुळे चोथ्यात राहिलेली साखर परत येत नाही. बीअर पातळ होते, आणि न उकळलेलं पाणी ओतलं तर जंतूही येतात.

माझा 4 चा आकडा तुमच्या भांड्याला लागू होईलच असं नाही. माल्ट आणायच्या आधी एक दिवस नुसतं 20 लिटर पाणी तासभर उकळा, निवू द्या, मोजा.