संस्कार कमी पडले म्हणून?

दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा कॉपीविषयीचा ठरलेला वाद मी न्यू जर्सीत बसून वाचतो. 2025 मध्ये संवेदनशील केंद्रांवर ड्रोन फिरवायचे आणि गैरप्रकार सापडलेल्या केंद्राची मान्यता कायमची रद्द करायची असं ठरलं, तेव्हा काकांनी 'धाक हवाच' म्हणून लिहिलं. मावशीचं म्हणणं, ड्रोन कसले उडवता, घरातले संस्कारच संपलेत. आणि मग कुणीतरी माझ्याकडे वळतंच : 'तुमच्या अमेरिकेत तर पर्यवेक्षकसुद्धा नसतो!'

काही ठिकाणी नसायचा, हे खरं. स्टॅनफर्डमध्ये 1921 पासून मुलांच्या शब्दावर विसंबून परीक्षा चालत. पण 2023 मध्ये त्यांनीही प्रायोगिक तत्त्वावर पर्यवेक्षक ठेवायला मंजुरी दिली. हार्वर्डमध्ये 2012 साली घरी सोडवायच्या एका पेपरवरून सुमारे सव्वाशे विद्यार्थ्यांची चौकशी झाली आणि निम्म्याहून अधिकांना काही काळ बाहेर जावं लागलं. त्या सगळ्यांच्या घरी संस्कारांचा दुष्काळ होता, असं मावशीही म्हणणार नाही.

हार्टशोर्न आणि मे या दोन संशोधकांनी 1928 मध्येच सुमारे अकरा हजार अमेरिकन शाळकरी मुलांचा अभ्यास मांडला होता. खरं-खोटं कशाला म्हणतात हे चोख सांगणारी मुलंही संधी मिळाली की फसवत. आणि एका प्रसंगात सरळ वागलेलं मूल दुसऱ्या प्रसंगात सरळ वागेलच, असं नव्हतं. पुढे रटगर्स विद्यापीठाच्या डोनाल्ड मकेब यांनी कॉलेजांत पाहणी केली, तेव्हा सर्वांत मोठा प्रभाव दिसला तो बरोबरीची मुलं काय करतात याचा. (कागदाच्या माथ्यावर आधीच 'खरं लिहीन' अशी सही घेतली की माणसं खरं लिहितात, असं सांगणारा 2012 चा एक गाजलेला शोधनिबंध 2021 मध्ये मागे घ्यावा लागला. त्यातले आकडेच बनावट निघाले!)

आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत काचेखाली दिवा लावून ड्रॉइंगच्या शीट छापतात, त्याला 'जीटी मारणं' म्हणतात. प्रॅक्टिकलची रीडिंग्ज सीनियरच्या जर्नलमधून येतात. सरांना माहीत असतं, सही होते. शीट न देणारा मुलगा तिथे प्रामाणिक ठरत नाही, खडूस ठरतो. मित्राला अडचणीत हात देणं हाही संस्कारच की! तोच मुलगा इथे एमएसला येतो, पहिल्याच सत्रात मित्राला असाइनमेंट 'फक्त बघायला' देतो आणि दोघांनाही चौकशीचं पत्र येतं. मी इथे शिकवतो. अशी गोंधळलेली मुलं समोर बसलेली पाहिली आहेत. त्यांना लबाड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. नियम मात्र मला पटतो.

म्हणून मला ग्रुपवरच्या दोन्ही बाजू पटत नाहीत. त्यापेक्षा तोंडी परीक्षेत मुलाला त्याच्याच जर्नलमधलं एक रीडिंग पुन्हा घ्यायला लावलं, तर उतरवून काढण्यात अर्थ उरत नाही. त्यासाठी एक्स्टर्नलकडे, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाकडे, प्रत्येक मुलामागे पंधरा-वीस मिनिटं हवीत आणि प्रयोगशाळेतलं उपकरण चालू हवं.